तवा कॅन्टीनचा होता

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलांना नाही. ज्याला सगळ्यांत आधी सांगायला पाहिजे होतं, त्यालाही नाही. तोंडाशी पुष्कळदा आलं. एका लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी पाट मांडलेला होता, तेव्हा आलं. एकदा एस.टी.त तो माझ्या खांद्याला टेकून झोपला होता, तेव्हा आलं. दर वेळी गिळलं. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय की काय? तसं असेल तर हाही भित्रेपणाच झाला. असो. सुरुवात तर केली.

आधी घराचं सांगू द्या. सबब म्हणून नाही. पण मी कुठून आलो ते कळल्याशिवाय मला काय खुपत होतं ते कळायचं नाही.

आम्ही मंठ्याच्या बाजूचे. मेंढरांमागं फिरणारी माणसं. पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याच्या ज्वारीवर दिवस काढायचे. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. काही मेली, उरली ती बापानं मिळेल त्या भावात देऊन टाकली. जन्मात कुणाच्या हाताखाली न राबलेला माणूस रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसला. माय पाट्या उचलायची. मी मंठ्याला मावशीकडं राहून मॅट्रिक करत होतो. कामावर मिळणारी सुकडी माय स्वतः न खाता फडक्यात बांधून माझ्यासाठी पाठवायची. त्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे, आणि ती गोड नाही.

मॅट्रिक झालो. जालन्याच्या कॉलेजात नाव घातलं. जालना तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, पण आमच्यासाठी शहर म्हणजे तेच. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. याचा मला अभिमान होता, आजही आहे, खोटं कशाला बोलू? बापाचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. मी मनाशी धरलं होतं, की इथं आपण कुणाच्याही मागं चालायचं नाही. चांगलं वाटतं ना ऐकायला? मलाही वाटायचं.

आणि पहिल्याच वर्षी माझ्या पुढं प्रल्हाद होता.

प्रल्हाद आष्टीचा. दीक्षा घेतलेलं घर. हॉस्टेलात माझ्याच खोलीत. कपडे माझ्यासारखेच, दोनच. जेवणही माझ्यासारखंच. हेवा वाटावा असं त्याच्याकडं काय होतं? एक होतं. त्याचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. जालन्याला आले की हॉस्टेलच्या पायरीवर बसायचे, पिशवीतून धपाटे काढायचे, एक त्याला, एक मला, आणि मग विचारायचे, "हं, काय शिकलास ते सांग." प्रल्हाद सांगायचा. मास्तर मध्येच अडवायचे, शंका काढायचे, दोघं भांडायचे, हसायचे. मी धपाटा चावत बसायचो. माझा बाप यायचा तेव्हा एकच विचारायचा, पोटाला मिळून राह्यलं का म्हणून. त्यापुढं काय विचारायचं हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. मला बापाचा राग यायचा — आणि रागाला जागा नव्हती म्हणून तो प्रल्हादवर जायचा. हे तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. कळून काय?

कॉलेजात पदार्थविज्ञानाचे पारगावकर सर होते. त्यांना उडत्या विमानांचं वेड. प्रवाशांची नव्हेत — हातभर पंखांची, हलक्या लाकडाची, पुढं मुठीत मावेल एवढं इंजिन लावलेली. दोन बारीक तारा मुठीत धरून आपण मध्ये उभं राहायचं आणि विमान आपल्याभोवती गरगर फिरतं. सरांनी मंडळ काढलं होतं. कॉलेजच्या कपाटात एकच चांगलं इंजिन होतं, परदेशी बनावटीचं, त्याचा दांडा दोन बॉल बेअरिंगांवर फिरायचा. ईथर, रॉकेल आणि एरंडेल एकत्र करून त्याला पाजायचं. ईथरच्या वासानं डोकं गरगरायचं आणि एरंडेलाचा वास कपड्यांना महिनाभर राहायचा. पंख्याला बोटानं झटका द्यायचा. चालू झालं तर झालं, नाहीतर तोच पंखा बोटावर बसायचा. आम्हा सगळ्यांची बोटं फुटलेली असायची आणि आम्ही ती मिरवायचो.

एकदा ते इंजिन जड, खरखरीत फिरायला लागलं. सरांनी माझ्या हातात दिलं. मी पंखा फिरवून पाहिला आणि ऐटीत सांगितलं, "बेअरिंग गेलं, सर. बदलावं लागतंय." मग त्यांनी ते प्रल्हादकडं दिलं. त्यानं ते कानाशी धरलं, डोळे मिटून सावकाश फिरवलं, आणि हळूच विचारलं, आधी पेट्रोलमध्ये धुऊन बघू का म्हणून. धुतलं. इंजिन लोण्यासारखं फिरायला लागलं. बेअरिंग ठणठणीत होतं, आत एरंडेल वाळून चिकट झालं होतं. सर खो खो हसले. म्हणाले, "अरे, तू एरंडेलालाच बेअरिंग समजलास की!"

झालं. त्या दिवसापासून मंडळात माझं नाव एरंड्या पडलं. सगळे हसून म्हणायचे, प्रल्हाद मात्र कधी म्हणाला नाही. त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं, की दाट तेलाखाली किरकिर दबते, कधी नसलेली खरखर वाटते तर कधी असलेली कळत न्हाई, म्हणून बेअरिंग आधी कोरडं करायचं, मगच बोटाला विचारायचं. "बोट खोटं बोलत न्हाई, गड्या. आपणच त्याला घाई करतो." मनापासून शिकवत होता. मी मान डोलवत होतो आणि आतून जळत होतो. तो हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही हेच सोसलं नाही. तुम्हाला कधी झालंय असं? समोरच्याचा चांगुलपणाच टोचावा असं?

सरांनी कपाटाची किल्ली प्रल्हादकडं दिली. प्रत्येक वापरानंतर इंजिन धुणं, पातळ तेल सोडणं, तोंडात चिंधी कोंबून फडक्यात गुंडाळून ठेवणं, हे त्याचं काम. नाहीतर आत ओल राहते आणि बेअरिंगला गंज धरतो. किल्ली त्यानं करदोट्याला बांधली होती. खोलीतून अंघोळीला जाताना ती त्याच्या कमरेला दिसायची. मी तिच्याकडं बघायचो.

त्याच सुमारास सरांनी सांगितलं, की मुलांना मॉडेल शिकवणारे निदेशक तयार करण्याचं एक प्रशिक्षण बाहेरगावी सुरू होतंय, कॉलेजातून एकच नाव पाठवता येईल, आणि तिथून जो बाहेर पडेल त्याला कायमची नोकरी आहे. कुणाचं नाव जाणार हे सरांनी सांगितलं नाही. सांगायची गरज होती का? सगळे प्रल्हादकडं बघत होते. तो मात्र खाली मान घालून इंजिन पुसत होता.

आता दसऱ्याकडं येतो. वळसे घालतोय हे मलाही दिसतंय. पण आलो बघा.

दसऱ्याच्या सुटीत गावाकडं जाताना मी प्रल्हादकडं इंजिन मागितलं. बापाला दाखवायचंय म्हणालो. हे खरं होतं, बरं का. मी कॉलेजात काय करून राह्यलो हे बापाला एकदा डोळ्यांनी दिसावं असं वाटत होतं. इंजिन बाहेर न्यायला सरांची परवानगी नव्हती. प्रल्हादनं करदोट्याची किल्ली सोडली. "तोंडातली चिंधी काढू नको," एवढंच बोलला. दुसऱ्या कुणाला त्यानं दिलं नसतं. मला दिलं — कारण बापाला दाखवायचं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं?

घरी मी ते घोंगडीवर ठेवलं. सगळी भोवती जमली. बापानं विचारलं, हे खातं काय? मी सांगितलं, एरंडेल. माय म्हणाली, "म्हंजी पोट बिघडलंय म्हना की याचं." घर हसून हसून लोळलं. मी तोऱ्यात चिंधी काढली, आतला दांडा दाखवला, बेअरिंगाच्या गोळ्या कशा पळतात ते सांगितलं. बापाला काही कळलं नाही. पण तो माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि तसं त्यानं आजवर कधी बघितलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, काठी असं सगळं घोंगडीवर मांडलं होतं. बापानं इंजिन उचललं आणि कातरीच्या शेजारी उभं करून ठेवलं. म्हणाला, "माझ्या लेकाचं हत्यार हाय हे." आणि मूठ भरून भंडारा उधळला. येळकोट झाला. पिवळी धूळ सगळीकडं बसली, कातरीवर, काठीवर, आणि इंजिनाच्या उघड्या तोंडात.

मी बघत होतो. मी अडवलं नाही. आणि एवढ्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या क्षणी बापाचा हात धरणारा मुलगा मला व्हायचं नव्हतं. पुढचं मात्र सगळं माझं आहे.

सगळे पांगल्यावर मी इंजिन झटकलं, उलटं केलं, फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं पुसलं. थोडी हळद पडली. पंखा सावकाश फिरवला. आत किरकिर लागली. अगदी बारीक, वाळूचा कण दाताखाली यावा तशी. मला ती कळली. ज्या बोटाला वाळलेलं एरंडेल ओळखता आलं नव्हतं, त्याला ही बराबर कळली. उपाय काय होता? वाटीभर पेट्रोल. जालन्याला पोचल्यावर प्रल्हादला म्हणायचं, भंडारा गेलाय आत, धुऊन काढ. त्यानं धुतलं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या, कुणाला कळलंही नसतं. बस, एवढंच करायचं होतं.

मी घरातलं दिव्याचं एरंडेल घेतलं आणि इंजिनाच्या तोंडात सोडलं. दाट तेल. पंखा फिरवला. किरकिर दबली. दाट तेलाखाली ती दबते हे मला कुणी शिकवलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

का केलं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की बापाचं हसं होऊ नये म्हणून. इंजिनात भंडारा टाकणारा बाप — मंडळातल्या पोरांनी काय केलं असतं त्याचं? एरंड्याचा बाप भंडाऱ्या! ही भीती खरी होती. पण ती पुरी खरी नव्हती. प्रल्हाद कधी कुणाच्या बापावर हसला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग उरतं काय? तेल सोडताना माझ्या मनात एक शब्द आला होता. होऊ दे. इंजिनाचं होऊ दे, किल्ली ज्याच्याकडं आहे त्याचं होऊ दे. पुढं काय होईल ते मी मुद्दाम मनात आणलं नाही. आणायची गरजच नव्हती.

इंजिन परत दिलं. प्रल्हादनं कानाशी धरून फिरवलं. "जड लागून राह्यलं रे," म्हणाला. मी सांगितलं, गंज नको म्हणून घरचं एरंडेल सोडलंय. तो खूश झाला. "शहाणा झालास की, खंडू." आणि माझ्या पाठीवर थाप मारून त्यानं ते कपाटात ठेवलं. त्यानं ते का धुतलं नाही? धुवायचं ते चालवल्यावर, असा नियम होता. आणि मी तेल सोडलंय म्हटल्यावर त्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

बदनापूरच्या पुढं शेतकी केंद्राजवळच्या माळावर चाचणी होती. पाहुणे होते, सर नवा कोट घालून आले होते. तारा प्रल्हादच्या हातात. विमान उठलं, चांगलं फिरायला लागलं, आणि मध्येच इंजिनाचा आवाज बदलला. आधी जाड, मग चिरका. हे इंजिन हवेत बंद करता येत नाही, इंधन संपेपर्यंत ते ओरडतच राहतं. प्रल्हादचा चेहरा पांढरा पडला, पण हात हलला नाही. विमान खाली घेऊन, सांभाळत, टाकी संपेपर्यंत त्यानं फिरवलं आणि काडीसुद्धा न मोडता गवतावर टेकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी — त्याच्या हातातलं इंजिन माझ्यामुळं मरत होतं, हे ठाऊक असलेला मी — त्या टाळ्यांवर जळलो. मरतानाही याचंच नाव व्हावं? असं वाटलं. लिहिताना हात थांबला होता. पण वाटलं ते वाटलं.

दांडा खुळखुळत होता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी इंजिन उघडायला घेतलं. बेअरिंग ठोकून काढत नाहीत. इंजिनाचं अंग तापवलं की ते फुगतं, मग पालथं करून लाकडावर आपटलं की बेअरिंग आपोआप गळून पडतं. तापवायला तवा पाहिजे होता. सरांनी मला कॅन्टीनमधून आणायला पाठवलं. मी आणला. शेगडीवर ठेवला. पाण्याचा थेंब त्यावर नाचायला लागला तसं सरांनी इंजिनाचं अंग मधोमध ठेवलं. आम्ही सगळे भोवती उभे.

आणि वास सुटला.

तेलात हळद करपल्याचा वास. आमच्या घरात, तुमच्या घरात, कुणाच्याही घरात रोज येतो तो. सरांनी नाक वर केलं. "फोडणीचा वास कुठून येतोय रे?"

प्रल्हादनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं विचारावं तसं.

मी म्हणालो, "तवा कॅन्टीनचा आहे ना, सर."

बघा, हे वाक्य खरं होतं. शब्द न् शब्द खरा. पोरं हसली, कुणीतरी म्हणालं, चला, बेअरिंगाची भाजी झाली. सरही हसले. आणि एवढ्यात बेअरिंग लाकडावर गळून पडलं. गोळ्या धरणारी कडी तुटली होती, खाचेत तांबूस-तपकिरी चिखल बसला होता. हळद तेलात जळून तशी झाली होती. पण बेअरिंगात तांबूस काही दिसलं की माणूस एकच म्हणतो. सर म्हणाले, "गंज."

खोलीत कुणी हसेना. सरांनी प्रल्हादला विचारलं, तेल सोडून ठेवत होतास ना? तो म्हणाला, "हो, सर. दर वेळी." मग हा गंज कुठून आला? दसऱ्याला इंजिन खंडूकडं होतं, एवढं एक वाक्य त्यानं बोलायचं होतं. बोलला नाही. मीच ते बोलावं म्हणून थांबला होता, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. मी तव्याकडं बघत राहिलो.

तिथं प्रयोगशाळेचे एक जुने मदतनीस होते. ते कपाट पुसता पुसता म्हणाले, नाजूक वस्तू सांभाळायला घरातूनच वळण असावं लागतं. कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. ते कुणाच्या घराबद्दल बोलले हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, सरांनाही कळलं, आणि सरांनी ऐकलं नाही असं केलं. ज्या घरात मास्तर पायरीवर बसून लेकाचा धडा घेत होते, त्या घराबद्दल ते बोलले होते. वळण माझ्या घरात नव्हतं. भंडारा माझ्या घरातला होता. आणि मला काय वाटलं ते सांगू? मला बरं वाटलं. बोट माझ्याकडं नव्हतं. आजवर ज्यांच्यासमोर अंग चोरून उभा राहत आलो, त्यांच्या बाजूला मी त्या दिवशी पहिल्यांदा उभा होतो, आणि त्याची ऊब लागली. हे लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

सरांनी हात पुढं केला. प्रल्हादनं करदोट्याची गाठ सोडली. घट्ट होती, सुटायला वेळ लागला. सरांनी किल्ली घेतली आणि माझ्या हातात ठेवली. ती त्याच्या अंगानं कोमट झाली होती.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसं वाटत होतं. पण नाही. अजून एक राहिलंय.

संध्याकाळी हॉस्टेलच्या मागं, हौदाजवळ, प्रल्हादनं मला गाठलं. हात खिशात घालून उभा राहिला. म्हणाला, "खंडू, खरं सांग. हळद होती न्हाई का रे ती?"

हा शेवटचा दरवाजा होता. सर नव्हते, पोरं नव्हती, मदतनीस नव्हते. तो मला सरांकडं ओढत नेणारही नव्हता. त्याला फक्त कळायला पाहिजे होतं. इथं तरी मी सांगायला काय हरकत होती?

मी म्हणालो, "कशाची हळद? तेल सोडायपुरती चिंधी काढली, लगेच पुन्हा कोंबली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि — मला वाटलं होतं तो भांडेल, शिवी देईल, गळा धरेल. त्यानं खिशातला उजवा हात काढला, आपल्या बोटांकडं बघितलं आणि मान हलवली. "मंग माझंच चुकलं असंल. त्या दिवशी जड लागलं होतं मला. तवाच धुवाया पाहिजे होतं."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या बोटावरचा काढून घेतला. किल्ली गेली ती परत मिळवता आली असती. हे गेलं ते गेलं. हे मी केलं. हेच मला सांगायचं होतं, आणि इतकी पानं त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो.

नवं बेअरिंग बसलं, इंजिन पुन्हा पळायला लागलं. प्रशिक्षणाला नाव माझं गेलं. बाप जालन्याला आला, हॉस्टेलच्या पायरीवर बसला, आणि येईल त्याला साखर देत सुटला. प्रल्हादनंही खाल्ली. त्याचे वडील त्या दिवशी आले होते. त्यांनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, "हं, काय काय शिकवणार तिथं, सांग." जो प्रश्न मला कधीतरी कुणीतरी विचारावा असं वाटत होतं, तो विचारला गेला. मला एक शब्द बोलता आला नाही. त्यांना वाटलं, पोरगा लाजतोय.

पुढं एकदा सुटीत मी कॉलेजात आलो होतो. मंडळातल्या एका पोरानं इंजिन आणून प्रल्हादपुढं धरलं, बेअरिंग कसं आहे बघ म्हणून. त्यानं हात मागं घेतला. "मला न्हाई समजत त्यातलं. याला विचार, हा शिकून आलाय." थट्टा नव्हती त्यात. असती तर मी धन्य झालो असतो.

प्रल्हाद भाषेचा शिक्षक झाला. चांगला झाला. आष्टीकडची पोरं अजून त्याचं नाव काढतात. अधूनमधून एखादं पोरगं हातात चिठ्ठी घेऊन माझ्याकडं यायचं, चिठ्ठीत एकच ओळ असायची, याचा हात चांगला आहे, बघ. आणि हात खरंच चांगला असायचा. एकाही पोराच्या बाबतीत तो चुकला नाही. पोराचं बोट ओळखायचा, स्वतःचं सोडून.

आणि हेवा? गेला नाही हो तो. ज्याचं सगळं घेतलं त्याचाच वाटत राहिला. एस.टी.त माझ्या खांद्यावर त्याचं डोकं होतं ना, तेव्हाही वाटला. इतकी गाढ झोप मला लागत नाही.

बाप शेवटपर्यंत लोकांना सांगायचा, की लेकाच्या हत्याराला खंडोबा पावला. मी त्याला कधी खोडून काढलं नाही.

मी प्रशिक्षण पहिल्या क्रमांकानं पुरं केलं. आमच्या भावकीतली पहिली पदवी माझी, बाहेरून परीक्षा देऊन घेतलेली, आणि पहिली कायमची नोकरीही माझी. विमानांचा निदेशक म्हणून लागलो आणि निदेशक म्हणूनच निवृत्त झालो. शेकड्यांनी पोरं शिकवली. बेअरिंग आधी कोरडं करायचं आणि मगच बोटाला विचारायचं, हे प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं. कपाटाची किल्ली शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या करदोट्याला होती, आणि मी ती परत केली तेव्हा आतल्या एकाही इंजिनाला गंज नव्हता.